कॉलेज निवडताना गावही पाहा: डहाणू-तलासरीच्या मुलामुलींसाठी माहिती

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत पहिला प्रश्न येतो, टक्के किती? दुसरा, नावाजलेलं कॉलेज कुठलं? मूल तिथं राहणार कुठं, जेवणार काय आणि घरी परतणार किती वाजता, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. माझ्या वर्गातून गेलेल्या ज्या मुलांचं शिक्षण मध्येच सुटलं, त्यांतल्या बऱ्याच जणांना अभ्यास जड गेला नव्हता. जड गेला तो रोजचा प्रवास आणि परकं शहर. मुलींच्या बाबतीत तर हे जास्तच. म्हणून दोन्ही तालुक्यांतल्या पालकांसाठी ही माहिती.

घरून ये-जा करता येईल अशी कॉलेजं

पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यापासून वेगळा झाला, पण तो आजही मुंबई विद्यापीठाच्याच कार्यक्षेत्रात आहे. म्हणजे संलग्न कॉलेज बोर्डीचं असो की चर्चगेटचं, पदवी मुंबई विद्यापीठाचीच मिळते.

- बोर्डी: गोखले एज्युकेशन सोसायटीचं एन. बी. मेहता सायन्स कॉलेज
- तलासरी: कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर कॉलेज
- चिंचणी: पी. एल. श्रॉफ कॉलेज (आर्ट्स आणि कॉमर्स)
- पालघर: सोनोपंत दांडेकर कॉलेज (तिन्ही शाखा)
- इंजिनिअरिंगसाठी: बोईसरचं थीम कॉलेज, पालघरचं सेंट जॉन कॉलेज

साधं बीए, बीकॉम किंवा बीएस्सी करायचं असेल तर आधी ही यादी पाहा. जवळचं कॉलेज म्हणजे कमी दर्जाचं, हा गैरसमज आहे.

मुंबई: रोज जायचं की तिथंच राहायचं?

एप्रिल 2013 मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि मुंबई जवळ वाटू लागली. पण डहाणू रोड ते चर्चगेट अंतर 124 किलोमीटर आहे. एका बाजूला अडीच-तीन तास धरा. विरारच्या पुढे गाड्या मोजक्या, एक चुकली की पुढचा तास गेला. तलासरीला तर स्टेशनच नाही. आधी एसटी किंवा रिक्षाने स्टेशन गाठावं लागतं. प्रॅक्टिकल असलेल्या कोर्सला ही ये-जा तीन वर्षं निभावणं फार अवघड. मुंबई निवडायची तर राहण्याची सोय आधी, फॉर्म नंतर.

आपल्या लोकांना ओळखीचा भाग म्हणजे नागपाडा-भायखळा. तिथं महाराष्ट्र कॉलेज आहे, अंजुमन-ए-इस्लामचं साबू सिद्दीक इंजिनिअरिंग कॉलेज आहे. मशिदी, हलाल जेवण, उर्दू वाचनालयं, सगळं पायी अंतरावर. मात्र जागा महाग आणि दाटीवाटी मोठी. फक्त मुलींचं विद्यापीठ हवं असेल तर 1916 मध्ये महर्षी कर्व्यांनी सुरू केलेलं एसएनडीटी आहे. चर्चगेट आणि जुहूच्या आवारात मुलींची होस्टेलं आहेत.

पुणे, लोणेरे, दापोली, अलिगढ

पुण्यात कॅम्प भागातलं आझम कॅम्पस एकाच आवारात शाळेपासून फार्मसी, लॉ, डेंटल, आर्किटेक्चरपर्यंत चालवतं. शहर विद्यार्थ्यांचं असल्यामुळे मेस, अभ्यासिका सहज मिळतात.

लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ मुंबई-गोवा महामार्गावर, गावाकडच्या वातावरणात आहे. खर्च कमी, अभ्यासाला शांतता. पण शहरातल्या इंटर्नशिपसाठी धडपड करावी लागते.

बागायतीची आवड असलेल्या मुलांनी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा (1972) विचार जरूर करावा. आपल्याकडे चिकूच्या वाड्या आहेत, त्यामुळे हे शिक्षण परत घरी उपयोगी पडतं. दापोली परिसरात कोकणी मुस्लिम वस्तीही जुनी आहे.

अलिगढ मुस्लिम विद्यापीठ (1920) म्हणजे खरं विद्यापीठाचं गाव. तिथं विद्यार्थ्याची ओळख त्याच्या हॉलवरून होते. जेवण, वादविवाद, मुशायरे सगळं हॉलभोवती फिरतं. पण घरी येणं वर्षातून एक-दोनदाच. एकटं राहण्याची सवय नसलेल्या मुलाला आधी त्याबद्दल मोकळेपणाने विचारा.

सीमेपलीकडचा विचार

तलासरीहून वापी जवळ, म्हणून काही जण अकरावी-बारावी गुजरातेत करतात. मेडिकलला जायचं असेल तर सावधान! महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी, काही अपवाद सोडले तर, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागते.

पाहायला जाल तेव्हा

1. रविवारी जाऊ नका, कामाच्या दिवशी जा. शेवटचं लेक्चर किती वाजता सुटतं ते विचारा आणि त्याच वेळी परतीचा प्रवास करून पाहा.
2. होस्टेल कॉलेजचं आहे की खासगी? खोली, पाणी, संडास-बाथरूम स्वतः पाहा. मुलींच्या होस्टेलमध्ये वॉर्डन रात्री तिथंच राहते का?
3. मेसमध्ये जेवून पाहा. रमजानमध्ये सेहरीची सोय होते का, जुम्याला वेळ मिळतो का, हिजाब घालणाऱ्या मुलींना अडचण येते का, हे तिथल्या मुलामुलींनाच विचारा.
4. रॅगिंगविरोधी समिती आणि महिला तक्रार समिती यांची नावं फलकावर आहेत का? रॅगिंगसाठी देशभराचा मोफत क्रमांक 1800-180-5522 मुलांच्या फोनमध्ये ठेवा.
5. लायब्ररी संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते? खोलीत चौघं असतील तर अभ्यास तिथंच होणार.

खर्चाचा हिशेब

फी हा खर्चाचा एक भाग, राहणं-खाणं हा दुसरा. 2024-25 पासून वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी घरांतल्या मुलींना, केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक कोर्स मिळाल्यास, शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. मुस्लिमांतल्या अनेक जमाती ओबीसी यादीत आहेत. दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर निकालाआधीच काढून ठेवा. पण होस्टेल आणि मेस या माफीत धरू नका. एसटीत महिलांना 17 मार्च 2023 पासून निम्मं भाडं आहे, लोकलचा विद्यार्थी सवलत पासही मिळतो. सगळ्याचा महिन्याचा आकडा कागदावर मांडा.

शेवटी एक विनंती. दूर आहे म्हणून मुलीचं शिक्षण बारावीलाच थांबवू नका. मुंबई झेपत नसेल तर बोर्डी आहे, तलासरी आहे, पालघर आहे. अर्ध्यावर सुटलेल्या मोठ्या नावापेक्षा पूर्ण झालेली पदवी केव्हाही मोठी. फॉर्म भरण्याआधी मुलामुलींना सोबत घेऊन एक चक्कर मारा आणि त्यांचं मतही ऐका. अल्लाह सगळ्या मुलांच्या इल्ममध्ये बरकत देवो.