केफ्तेदेसचा हलकेपणा

ग्रीक पद्धतीचे खिम्याचे गोळे, म्हणजे केफ्तेदेस (एकवचनी केफ्तेस), घरी करायचे तर हल्ली एक सूचना हमखास वाचायला मिळते: तळू नका, ट्रेवर मांडा, ऑलिव्ह तेलाचा हात फिरवा आणि २०० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं ओव्हनमध्ये भाजा. शीर्षकात ‘हलके’ हा शब्द असतोच. सुचवायचं असतं ते असं, की अस्सल केफ्तेस कढईतला आणि हा ट्रेमधला म्हणजे डॉक्टरांच्या धाकानं केलेली तडजोड. या समजुतीत दोन गृहीतं दडली आहेत. तळणं हेच या पदार्थाचं मूळ रूप, हे एक. आणि त्याचा जडपणा तेलातून येतो, हे दुसरं. इतिहास तपासला तर पहिलं गृहीत अर्धंमुर्धं टिकतं, दुसरं जवळजवळ टिकतच नाही. केफ्तेस एके काळी हलका होता तो त्यात मांस किती असे आणि ते किती दिवसांनी ताटात येई, यामुळे. भांडं कोणतं, हा प्रश्न फार नंतरचा.

आधी पदार्थाचं गोत्र पाहू. केफ्तेदेसच्या मिश्रणात खिमा असतो, भिजवून पिळलेला शिळा पाव असतो, किसलेला कांदा, पुदिना, ओरेगानो, अंडं आणि बहुधा चमचाभर व्हिनेगर किंवा ऊझो. गोळे पिठात घोळवून तेलात तळतात. पण याच मिश्रणाची बरीचशी भावंडं तळणीच्या जवळही जात नाहीत. युवर्लाकियामध्ये पावाऐवजी तांदूळ असतो, गोळे रश्शात उकळतात आणि शेवटी त्यात अंडं-लिंबू फेटून घालतात. बिफ्तेकिया चपटे थापून निखाऱ्यावर किंवा बटाट्याच्या फोडींबरोबर, लिंबू पिळून, ओव्हनमध्ये भाजतात. आजच्या ग्रीक घरात हे अगदी रोजचं जेवण आहे. सायप्रसमधला शेफ्तालिया पोटातल्या चरबीच्या जाळीत गुंडाळून कोळशावर भाजला जातो. आशिया मायनरमधल्या स्मर्ना शहराचे लांबट, जिरं-लसणाचे सुत्सुकाकिया आधी परतून किंवा भाजून मग टोमॅटोच्या रश्शात मुरतात. एवढ्या गोतावळ्यात तळणं ही एक रीत आहे, कुळाचा नियम नव्हे.

मागे गेलं तर हे आणखी स्पष्ट होतं. रोमन काळातल्या पाककृतींचा जो लॅटिन संग्रह अपिशियसच्या नावावर आपल्यापर्यंत आला, त्यात कुटलेल्या मांसाच्या गोळ्यांची एक कृती आहे. मांस वाइनमध्ये भिजवलेल्या पांढऱ्या पावाच्या गाभ्याबरोबर कुटायचं, त्यात मिरी, माशांचं आंबवलेलं पाणी आणि पाइनच्या बिया घालायच्या, गोळे चरबीच्या जाळीत गुंडाळायचे आणि हलकेच भाजायचे. वाइनमध्ये भिजवलेला पाव आजही सुत्सुकाकियात असतो. म्हणून ही वंशावळ थेट रोमपासून अथेन्सपर्यंत ओढण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. आपल्या कोफ्त्याचं आणि ग्रीक केफ्तेसचं नाव एकाच फारसी मुळातून आलं आहे आणि ग्रीसपर्यंतची त्याची वाट ऑटोमन स्वयंपाकघरांतून गेली आहे. शेफ निकोलाओस त्सेलेमेन्तेस यांना ती वाट मान्य नव्हती. १९२० च्या दशकात निघालेलं त्यांचं पाकपुस्तक इतकं घरोघरी पोहोचलं, की ग्रीकमध्ये त्यांचं आडनाव हेच पाकपुस्तकाचं नाव होऊन बसलं. ग्रीक स्वयंपाक तुर्कांनी बिघडवला असं मानून त्यांनी मसाले आणि ऑलिव्ह तेल मागे सारलं आणि फ्रेंच वळणाचं लोणी नि बेशमेल सॉस पुढे आणला. म्हणजे ज्याला आज ‘जड पारंपरिक ग्रीक जेवण’ म्हणतात, त्यातला मोठा वाटा शंभर वर्षांपूर्वीच्या शहरी, फ्रेंच धाटणीच्या सुधारणेचा आहे. मुसाक्यावरचा बेशमेलचा जाड थर हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा.

मग केफ्तेदेस तळले का जात? याचं उत्तर चवीइतकंच चुलीत आहे. ग्रीसमधल्या बऱ्याचशा घरांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्वतःचा ओव्हन नव्हता. गावात अंगणातली किंवा सामाईक भट्टी असे, शहरात गल्लीतला पाववाला असे. रविवारचा ट्रे त्याच्याकडे पोहोचवायचा आणि चर्चहून परतताना घेऊन यायचा, अशी रीत होती. सिफ्नोस बेटावर चण्यांचं मातीचं भांडं शनिवारी संध्याकाळी भट्टीत जातं आणि रात्रभर मंद आचेवर शिजून रविवारी बाहेर येतं. त्सेलेमेन्तेस यांचं घराणं याच बेटावरचं, हा योगायोग मजेशीर आहे. अशा भट्टीत आठवड्यातून एकदा मोठा ट्रे पाठवणं परवडे. आठ-दहा गोळ्यांसाठी, तेही मधल्या वारी, कोण पाठवणार? त्यांच्यासाठी चुलीवरचा पसरट तवा हाच मार्ग होता. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत विजेचे ओव्हन घरात आले आणि खिमा मुकाट्यानं ट्रेमध्ये सरकला. त्यासाठी कुणाला पोषणशास्त्राची वाट पाहावी लागली नाही.

पण खरा मुद्दा मांसाचा आहे. ऑर्थोडॉक्स पंचांग नेमानं पाळणाऱ्याचे वर्षातले १८० हून अधिक दिवस उपासाचे असतात: बुधवार, शुक्रवार, ईस्टरआधीचे आठवडे, नाताळाआधीचे ४० दिवस, ऑगस्टचा पहिला पंधरवडा. या दिवसांत मांस वर्ज्य, बहुतेक वेळा दूध-अंडीही वर्ज्य. ईस्टरच्या मोठ्या उपासाआधी त्सिक्नोपेम्प्ती नावाचा एक गुरुवार येतो, त्या दिवशी गल्लोगल्ली मांस भाजल्याचा वास सुटतो. श्रावणाआधीची आपली गटारी ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्याची जास्त ओळख करून द्यायला नको. उरलेल्या दिवसांतही मांस सहज मिळत नसे. १९४८ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या वतीनं लेलंड ऑलबॉ यांनी क्रीट बेटाची पाहणी केली आणि तिचा अहवाल १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. क्रीटच्या आहारातल्या एकूण उष्मांकांपैकी प्राणिज पदार्थांचा वाटा जेमतेम ७ टक्के होता. असं असताना केफ्तेसमध्ये पाव आणि कांदा कशासाठी येतो, हे वेगळं सांगायला नको. पाव किलो खिमा सहा माणसांना पुरवायचा असतो. म्हणूनच मांसाशिवायचे केफ्तेदेसही आहेत: सँटोरिनीचे टोमॅटोचे, ठिकठिकाणचे झुकिनीचे, चण्यांचे. त्यांना कुणी नकली म्हणत नाही.

थोडं मांस पुरवून खाण्याची हीच रीत निर्वासितांच्या ताटातही दिसते. १९२२ च्या सप्टेंबरात स्मर्ना जळलं. पुढच्या वर्षी लोझानच्या करारानं लोकसंख्येची अदलाबदल ठरली आणि या सगळ्या उलथापालथीत सुमारे १२ लाख ख्रिस्ती निर्वासित आशिया मायनरमधून ग्रीसमध्ये आले. त्या देशाची लोकसंख्या तेव्हा ५० लाखांच्या आसपास होती. नेआ स्मिर्नी, नेआ इओनिया, कोकिनिया अशा वस्त्या अथेन्स आणि पिरेयसच्या कडेला उभ्या राहिल्या. सुत्सुकाकियाचं जिरं, लसूण आणि रस्सा या लोकांनी बरोबर आणला. दाटीवाटीच्या त्या खोल्यांत हा पदार्थ तगला, कारण तो एका भांड्यात होतो, रश्शामुळे पाव-भाताबरोबर पुरवठ्याला येतो आणि थोड्या मांसात घरभर सुगंध देतो. त्यानंतर वीस वर्षांनी, जर्मन-इटालियन-बल्गेरियन ताब्यातल्या १९४१-४२ च्या हिवाळ्यात, अथेन्समध्ये लोक रस्त्यावर उपासमारीनं मेले. ज्या पिढीनं हे पाहिलं, तिच्या हातात नंतर पैसा आला तेव्हा केफ्तेसमधला पाव कमी आणि मांस जास्त झालं, तर त्या पिढीला दोष कसा द्यायचा?

इथेच सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो. गरिबीला आरोग्याचं नाव देऊन मिरवणं हे बरं नव्हे, असं कुणी म्हणेल, आणि ते म्हणणं बरोबर आहे. ऑलबॉ यांच्याच पाहणीत ७२ टक्के कुटुंबांनी आवडता पदार्थ म्हणून मांसाचं नाव घेतलं होतं. बहुतेकांना आपलं जेवण समाधानकारक वाटत नव्हतं. पुढे अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज यांच्या १९५८ मध्ये सुरू झालेल्या सात देशांच्या अभ्यासात क्रीटच्या पुरुषांचं हृदय पाहिलेल्या गटांत सर्वांत धडधाकट ठरलं, आणि ज्या ताटावर क्रीटचे लोक नाराज होते तेच ताट जगाला आदर्श म्हणून दाखवण्यात आलं. या विसंगतीकडे डोळेझाक करून ‘भूमध्य आहार’ विकला गेला, अगदी २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत बसेपर्यंत. पण आक्षेप मान्य करूनही माझा मुद्दा पडत नाही. जुन्या केफ्तेसची कृती सक्तीतून घडली हे खरं; सक्ती गेल्यावर ती कृती राखायची की नाही, हे मात्र आपल्याला चवीवरून ठरवता येतं. आणि चवीत पाव, कांदा, पुदिना हारत नाहीत.

दुसरा आक्षेप तेलाचा. ग्रीकांना तळण आजचं नाही. तळणीच्या तव्याला प्राचीन ग्रीकमध्ये शब्द आहे आणि त्यात तळलेल्या धिरड्यांचे उल्लेख अभिजात काळापासून सापडतात. शिवाय ग्रीक स्वयंपाक तेल घालताना हात आखडत नाही. भाज्यांच्या एका मोठ्या वर्गाचं नावच तेलावरून पडलं आहे, आणि कीज यांना निरोगी आढळलेल्या क्रीटच्या माणसाला सुमारे ४० टक्के उष्मांक स्निग्धांशातून मिळत, बहुतांश ऑलिव्ह तेलातून. हे सगळं मान्य. पण त्यातून निष्कर्ष उलटाच निघतो: तेल हा गुन्हेगार असता तर क्रीटचा माणूस पहिल्या नंबरावर आलाच नसता. १९९३ च्या भूमध्य आहाराच्या पिरॅमिडमध्येही ऑलिव्ह तेल रोजच्या पायरीवर आहे आणि लाल मांस अगदी टोकावर, महिन्यातून मोजक्या वेळा. म्हणून निव्वळ मांसाचे मोठाले गोळे तेलाशिवाय भाजायचे, आठवड्यातून चारदा खायचे आणि त्याला हलकं ग्रीक जेवण म्हणायचं, ही स्वतःचीच फसवणूक आहे. शिळ्या पावाचा, कांद्यानं भरलेला गोळा चांगल्या तेलात परतलेला असला तरी त्याहून हलका.

तरीही भाजायचा तो नीट भाजावा. तेलात गोळ्याला चहूबाजूंनी एकदम आच लागते आणि कवच धरतं; ओव्हनमध्ये आच कोरड्या हवेतून येते, आतलं पाणी उडतं आणि कमी चरबीचा खिमा रबरासारखा होतो. इथे पाव फक्त पुरवठ्याचा राहत नाही. त्यातला स्टार्च पाणी धरून ठेवतो आणि मांसातली प्रथिनं आवळू देत नाही, म्हणून तळणीपेक्षा भाजणीत त्याचं काम मोठं आहे. अर्धा किलो खिम्याला शंभर-सव्वाशे ग्रॅम शिळा पाव, पाण्यात किंवा लाल वाइनमध्ये भिजवून हलका पिळलेला, एक मोठा कांदा किसून रसासकट, मूठभर पुदिना. मिश्रण तासभर फ्रिजमध्ये ठेवावं. गोळे अक्रोडाएवढे करावेत. पिठात घोळवू नये, कारण तेलाच्या आंघोळीशिवाय ते पीठ कच्चंच राहतं. ट्रे तेलासकट आधी तापवावा, म्हणजे खालची बाजू लगेच खरपूस होते. मध्ये एकदा उलटावेत आणि आतलं तापमान ७१ अंशांवर गेलं की काढावेत. आपल्याकडे बकऱ्याचा खिमा आणि कालचा लादीपाव यांच्यावर हे उत्तम जमतं. गरम मसाल्याकडे हात जाईल, तो आवरा. जिरं घातलं तर गोळा स्मर्नाचा, ओरेगानो घातला तर बाकी ग्रीसचा. शेजारी दही-काकडीची वाटी आणि मोठं कोशिंबिरीचं ताट ठेवा, आणि माणशी पाचाच्या वर गोळे वाढू नका.