दोर, साखळी आणि ब्रेक : जहाजाच्या विंडलासचा इतिहास

मराठीत शेतातल्या अवजाराला आणि जहाज धरून ठेवणाऱ्या लोखंडी आकड्याला एकच शब्द आहे, नांगर. दोन्ही जमिनीत रुततात, त्यामुळे नाव शोभूनही दिसते. जहाजाचा नांगर टाकणे सोपे असते. तो उचलायचा कसा आणि वादळात त्याचा ताण धरायचा कशाने, हा खरा प्रश्न. तो सोडवणाऱ्या यंत्राला विंडलास म्हणतात. यंत्रशास्त्रात बँड ब्रेकची गणिते केली असतील तर ती वही जवळ ठेवा, पुढे लागेल.

अठराव्या शतकातल्या मोठ्या युद्धनौकेचा नांगर हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या जातीतल्या झाडाच्या तंतूंपासून वळलेल्या दोराला बांधलेला असे. सर्वांत मोठ्या नौकांवर या दोराचा घेर दोन फुटांपर्यंत जाई. एवढा ताठ दोर पिंपाला गुंडाळणार कसा? म्हणून उभ्या आसाच्या कॅप्स्टनला एक बारीक, अखंड फिरणारा दोर गुंडाळत आणि मुख्य दोर त्याला आखूड दोऱ्यांनी तात्पुरता बांधत. खलाशी दांडे ढकलत गोल फिरत, दोर पुढे सरके, आणि पोरसवदा मुले त्याच्याबरोबर चालत जाऊन गाठी सोडत. लहान व्यापारी जहाजांवर आडव्या आसाचा विंडलास असे. दोन्हींत उलटी फिरकी अडवायला खटके असत.

पकड मात्र घर्षणाची होती. पिंपाभोवती दोराचे तीन वेढे आणि घर्षणांक 0.3 धरा. ऑयलरच्या सूत्राने दोन टोकांच्या ताणांचे गुणोत्तर सुमारे 285 येते. म्हणजे सैल टोक एका माणसाने ओढून धरले, तरी पलीकडे त्याच्या शेकडो पट ताण पेलला जातो. दोष दोराचाच होता. ओला दोर जहाजाच्या पोटात कुजे आणि समुद्रतळाच्या खडकावर घासून तुटे.

1808 साली ब्रिटिश नौदलातील सॅम्युएल ब्राऊन यांनी लोखंडी साखळीचे पेटंट घेतले आणि ‘पेनेलोपी’ या जहाजावर ती वापरून पाहिली. (स्थापत्यशाखेच्या मुलांसाठी : टि्वड नदीवरचा 1820 चा युनियन साखळीपूल याच ब्राऊन यांचा.) 1813 साली टॉमस ब्रन्टन यांनी कडीच्या मधोमध आडवी दांडी बसवली. त्यामुळे ताणाखाली कडी चेपत नाही आणि साखळीला पीळही पडत नाही. पण साखळीची एखादी खराब कडी बाहेरून ओळखू येत नाही. अखेर 1864 मध्ये ब्रिटनने साखळ्या आणि नांगर यांच्या चाचणीचा कायदाच केला.

साखळी आली आणि यंत्राचा स्वभाव बदलला. गुळगुळीत पिंपावर लोखंड घसरते. म्हणून कड्यांच्या मापाचे खळगे असलेले चाक आले. खलाशी त्याला जिप्सी म्हणतात. आता साखळी अडकून धरली जाते, घर्षणाने नव्हे. मग घर्षण गेले कुठे? ते गेले जिप्सीच्या बाजूच्या ब्रेकमध्ये. दोरानंतरच्या देखभालीची बहुतेक सगळी गोष्ट या एका स्थलांतरात आहे, असे माझे मत आहे. दोर झिजला की डोळ्यांना दिसत असे. ब्रेकचे लायनिंग पट्ट्याच्या आत दडून झिजते.

पट्टा पिंपाला 300 अंश वेढतो असे धरा. घर्षणांक 0.3 असताना ताणांचे गुणोत्तर 4.8 येते. लायनिंगवर ग्रीस किंवा तेल गेले आणि घर्षणांक 0.1 झाला, तर ते जेमतेम 1.7 उरते. स्क्रूने सैल टोक तेवढेच ओढले असेल, तर धरण्याची ताकद पाचव्या हिश्श्याहून खाली येते! घर्षणांक घातांकात बसलेला आहे, हे वर्गात कितीही सांगितले तरी मुलांना या उदाहरणानंतरच पटते. म्हणून ग्रीस बेअरिंगना आणि स्क्रूच्या आट्यांना द्यायचे. लायनिंग कोरडे, पिंप गंजमुक्त.

दुसरी गोष्ट जुळवणीची. लायनिंग पातळ होत जाते तसा स्क्रू अधिक फिरवावा लागतो. एक दिवस आटे संपतात, खलाशाला चाक घट्ट झालेले वाटते आणि पट्टा मात्र सैलच असतो. त्याआधीच पट्ट्याची लांबी पुन्हा जुळवून घ्यायची किंवा लायनिंग बदलायचे. जिप्सीचे खळगे झिजले किंवा कड्या ताणून लांबल्या, तर साखळी उडी मारते; तेव्हा माप दोन्हींचे घ्यावे लागते.

ब्रेक एकट्याने सगळे पेलावे अशी अपेक्षा नसते. साखळी अडवणारा वेगळा स्टॉपर असेल, तर आजचे नियम ब्रेककडून साखळीच्या तुटण्याच्या ताणाच्या 45 टक्के मागतात. स्टॉपर नसेल तर 80. मोटरचे काम त्याहून माफक : मिनिटाला सुमारे 9 मीटर वेगाने साखळी वर घेणे. वादळात जहाज ओढून आणणे हे तिचे काम नव्हे.

25 जून 2007 रोजी इंग्लंडच्या टीस उपसागरात ‘यंग लेडी’ हे तेलवाहू जहाज नांगरासह घसरू लागले. जवळच समुद्रतळावरून वायूची नळवाहिनी जात होती. कप्तानाने नांगर उचलायला सांगितले, पण भर ओढीत विंडलासची हायड्रॉलिक मोटर फुटली. जहाज घसरत राहिले आणि नांगराचे पाते त्या वाहिनीत अडकले. सुमारे दहा मिनिटांनी एका लाटेने ते सुटले. वाहिनी जागची हलली होती, पण फुटली नव्हती.