वाईचे जाते, मिरजेचा तंबोरा

महाबळेश्वरला निघालेला प्रवासी वाईत थांबतो तो चहापुरता. पुढे पसरणीचा घाट लागतो, मग पाचगणी. तिथल्या निवासी शाळांची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. वाद्ये, हस्तकला, मैदाने हे सारे तिथे मिळते, अर्थात शुल्क परवडत असेल तर. घाटाच्या पायथ्याशी मात्र १९१७ साली एक वेगळा प्रयोग झाला. त्यात शिकवणाऱ्याने काही घेतले नाही आणि शिकणाऱ्यांनी हाताने दळण दळले.

विनोबा भावे तेव्हा बावीस वर्षांचे होते. १९१६ च्या जूनमध्ये ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले आणि पुढच्या वर्षी रजा घेऊन वाईला आले. प्रकृती सुधारावी आणि प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी वेदान्त शिकावा, हा हेतू. या रजेचा हिशेब त्यांनी १९१८ साली गांधीजींना पत्राने कळवला. उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रे शिकता शिकता त्यांनी गीता व ज्ञानेश्वरी विनामूल्य शिकवली, सुमारे चारशे मैल पायी प्रवास केला, राजगड-तोरणा पाहिले. शिवाय ‘विद्यार्थी मंडळ’ काढून एक वाचनालय सुरू केले. त्याला मदत म्हणून पंधरा विद्यार्थी जात्यावर बसू लागले. दर होता दोन शेरांना एक पैसा.

हा दर मी मांडून पाहिला. रुपयाचे तेव्हा चौसष्ट पैसे. म्हणजे एक रुपया जमायला १२८ शेर, तीन मण आठ शेर दळायला हवे. उपक्रम चालला जेमतेम दोन महिने, आणि वाचनालयात पुस्तके झाली चारशे. ती सगळी दळणाच्या पैशांवर आली नसणार, हे उघड आहे. जात्याने वाचनालयाला पैसा थोडा दिला असेल. पण एका पुस्तकामागे किती कष्ट असतात, ते त्या मुलांच्या खांद्यांना कळले असेल.

गावाने या मंडळींना वेड्यात काढले. माझ्या मते त्याचे एक कारण जात्यातच आहे. दळण हे बायकांचे काम होते. हायस्कुलात जाणाऱ्या मुलाने जात्याचा खुंटा धरणे म्हणजे पायरी सोडणे. पण त्याच जात्याशी पहाटे ओव्या म्हटल्या जात. हातांचे काम आणि गाणे यांची जोड घराघरांत होतीच. शाळेने ती तोडली होती.

गाणे पुन्हा शाळेत आणण्याचे काम कृष्णाकाठीच, पण खाली मिरजेत, रुजले. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाल्यावर मिरजेला आले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. तासगावचे नारायण मोरेश्वर खरे हे त्यांचे शिष्य. साबरमती आश्रमाला संगीत शिकवणारा हवा होता. पलुस्करांनी १९१८ मध्ये खरे यांना पाठवले आणि खरे आश्रमाचेच झाले. मैफलींची वाट सोडून त्यांनी मुलांना आणि मोठ्यांना सूर शिकवले, ‘आश्रम भजनावली’ सिद्ध केली. १९३० च्या दांडीयात्रेत ते चालले. १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसच्या वेळी त्यांचे निधन झाले. ही सेवा वीस वर्षांची होती.

आश्रमाच्या त्याच शाळेत साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर शिकवत होते. आश्रमात सूतकताई होती, विणकाम होते, शेती होती आणि प्रार्थनेला तंबोरा होता. पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या सदस्यांत विनोबा आणि कालेलकर दोघेही होते. समितीने हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवला आणि अभ्यासक्रमात संगीतालाही जागा दिली. नई तालीमचा इतिहास आपण वर्ध्यापासून सांगतो. तिची एक वाट वीस वर्षे आधीच्या वाईतून आणि मिरजेतून येते, हे माझे म्हणणे आहे.

आज अनेक शाळांत संगीत आणि कार्यानुभवाचे तास हौशी स्वयंसेवकांच्या भरवशावर चालतात आणि परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी तेच रद्द होतात. अशा शाळेत शनिवारी तबला किंवा सुतारकाम शिकवायला जाणाऱ्यांना मी हे दोन दाखले सांगत असतो. विनोबा त्या काळात स्वतः विद्यार्थी होते. सकाळी शिकलेले दुसऱ्याला देत होते. खरे एका ठिकाणी टिकले. आणि ज्यांच्या जात्यावर काम व गाणे कधी वेगळे झालेच नाही, त्या बायकांना शाळेत शिकवायला कोणी बोलावले नाही. त्यांच्यातल्या काही जणी अजून वाईच्या परिसरात आहेत. ओव्या त्यांना पाठ आहेत.