अधिक मासाचे अनारसे आणि जपानची मोची

सण जवळ आला कीं गहूं पिकविणाऱ्या देशांत भट्टी पेटते, आणि भात पिकविणाऱ्या देशांत तांदूळ भिजत पडतात. कणीक मळली म्हणजे तिला जो ताण येतो तो तांदळाच्या पिठाला येत नाहीं. म्हणून भातखाऊ समाजांना पक्वान्नाच्या वेगळ्या युक्त्या शोधाव्या लागल्या. श्रोतेहो, आज मी आपल्यापुढें अशा दोन पक्वान्नांचा इतिहास ठेवणार आहें. एक जपानांतील मोची व दुसरा आपल्या घरचा अनारसा. दोहोंची चव वेगळी, रूप वेगळें, कृतीही वेगळी. परंतु दोन्ही पदार्थ पंचांगाशीं असे बांधले गेले आहेत कीं, त्यांची हकीकत सांगूं गेलें असतां कालगणनेची हकीकत सांगावी लागते.

प्रथम जपानकडे वळूं. मोचीसाठीं तेथें एका विशेष जातीचा, अतिशय चिकट तांदूळ वापरतात. तांदळांतील पिष्ट दोन प्रकारचें असतें. त्यांपैकीं अमायलोज नांवाचा प्रकार या जातींत जवळजवळ नसतोच, त्यामुळें शिजल्यावर दाणा दाण्याला धरून राहतो. हा तांदूळ भिजवून वाफवितात, मोठ्या उखळांत घालतात आणि लांकडी मोगरीनें कुटतात. एकजण घाव घालतो, दुसरा दोन घावांच्या मध्यें ओल्या हातानें गोळा परततो. ताल चुकला तर बोटांवर बेतावयाचें. म्हणून हें काम परस्परांच्या विश्वासाचें. डिसेंबरच्या अखेरीस गांवोगांवीं हा सोहळा होत असे, व कित्येक ठिकाणीं तो आजही होतो. तयार मोचीचे दोन चपटे गोल गोळे, मोठ्यावर लहान असे रचून, वर नारिंगासारखें एक फळ ठेवितात. त्याला 'कागामी मोची', म्हणजे आरशासारखी मोची, असें नांव आहे. नव्या वर्षाच्या देवतेचा वास तिच्यांत असतो अशी समजूत. बहुतेक ठिकाणीं ११ जानेवारीला ती फोडून प्रसादासारखी खातात. सुरीनें कापणें अशुभ मानतात. पुढें ३ मार्चला मुलींच्या सणाची तिरंगी मोची, ५ मे रोजीं पानांत गुंडाळलेली मोची, आणि वर्षांतून दोनदां, दिवसरात्र समान होण्याच्या सुमारास, पितरांच्या स्मरणार्थ गोड पुरणांत लपेटलेले भाताचे गोळे. पितृपक्षांतील आपल्या खिरीची येथें आठवण होते.

आतां अनारसा. आपल्या नेहमींच्या तांदळाला असा चिकटपणा नाहीं. मग आपल्या बायकांनीं काय केलें? त्यांनीं बळाऐवजीं वेळ खर्च केला. तांदूळ तीन दिवस भिजत ठेवावयाचे, रोज पाणी बदलावयाचें. चौथ्या दिवशीं उपसून फडक्यावर सावलींत पसरावयाचे, आणि अंगची ओल पुरती जाण्यापूर्वींच कुटून चाळावयाचे. त्या पिठांत गूळ किंवा साखर व थोडें तूप मिसळून गोळे बांधले, कीं ते कांहीं दिवस मुरले पाहिजेत. भिजण्यांत सूक्ष्म जंतूंचें काम चालतें. तांदूळ किंचित आंबतो व दाणा मऊ पडतो. मुरण्यांत गोडाला पाझर फुटतो आणि कोरडें वाटणारें पीठ सैल होतें. मग खसखशीवर पुरी थापावयाची आणि खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटतां, मंद आंचेवर तुपांत तळावयाची. जाळी पडली म्हणजे साधलें. गोडाचें प्रमाण चुकलें तर पुरी तुपांत विरून जाते. तेव्हां बायका 'अनारसा हसला' असें म्हणतात. आठ दिवसांची मेहनत डोळ्यांदेखत विरघळत असतां तिला 'हसला' म्हणणाऱ्या आपल्या भाषेचें मला नेहमीं कौतुक वाटत आलें आहे. बिहारांत गयेकडेही अनरसा प्रसिद्ध आहे. तेथें खसखशीच्या जागीं तीळ लावतात.

या पदार्थाचे पूर्वज शोधूं लागलें तर आपण फार दूर जातों. ऋग्वेदांत तूप घातलेल्या 'अपूपा'चा उल्लेख आहे. परंतु तांदळाचा वाचक 'व्रीहि' शब्द ऋग्वेदांत नाहीं, तो अथर्ववेदांत येतो. तेव्हां तो आद्य अपूप जवाचा असावा. पुढें धान्य बदललें, नांव राहिलें. हिंदींतील 'मालपुआ' शब्दांतला 'पुआ' त्याच घराण्यांतला. धर्मशास्त्रानें अधिक मासांत तेहतीस अपूपांचें दान सांगितलें, आणि महाराष्ट्रांत त्या अपूपाची जागा अनारशानें घेतली. तेहतीस अनारशांचें वाण जावयाला देण्याची आपली चाल ती हीच.

हा तेहतीसचा आंकडा कोणी तेहतीस देवांशीं जोडतात, कोणी महिन्यांशीं. गणित मात्र साधें आहे. चांद्र वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें, सौर वर्ष सुमारें ३६५ दिवसांचें. दरसालची ही अकरा दिवसांची तूट साठत जाऊन साडेबत्तीस महिन्यांच्या सुमारास एक महिना भरतो, आणि तो पंचांगांत वाढवावा लागतो. तसें न केलें तर दिवाळी सरत सरत पावसाळ्यांत येईल. २०२३ सालीं श्रावण अधिक होता; त्यानंतरचा अधिक मास २०२६ सालच्या ज्येष्ठाचा. ज्या घरांत कोणालाही हें गणित मांडतां येत नाहीं, त्या घरींही तेहतीस अनारसे मोजले जातात. ज्योतिषाचा एक सिद्धांत असा ताटांत वाढला गेला आहे.

जपानांतही पूर्वीं चीनकडून आलेलें असेंच चांद्रसौर पंचांग होतें, आणि त्यांतही अधिक महिना घालीत असत. पाश्चात्य राष्ट्रांशीं व्यवहार सुरू झाल्यावर मेइजी सरकारनें तें मोडलें. जुन्या गणनेनें बाराव्या महिन्याचा तिसरा दिवस यावयाचा, तो १८७३ सालचा १ जानेवारी ठरला; चालू वर्षाचा जवळजवळ एक महिना एकदम नाहींसा झाला. त्यांत सरकारचा लाभही होता. जुन्या पंचांगाप्रमाणें पुढील वर्ष तेरा महिन्यांचें होतें आणि नोकरांना पगार महिनेवारी होता; तो जादा पगार वांचला! नव्या वर्षाचा सण अशा रीतीनें जागचा हलला. परंतु मोची त्याच्याबरोबर गेली. सरकारला तारीख बदलतां आली, पक्वान्न बदलतां आलें नाहीं.

आपल्याकडील एक पक्वान्न थेट जपानपर्यंत गेलें आहे, तेंही सांगितलें पाहिजे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचिलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत तांदळाच्या पिठाचे, आंत गोड सारण भरलेले गोळे वर्णिले आहेत. गारांसारखे दिसतात म्हणून त्यांना 'वर्षोपलगोलक' म्हटलें आहे. त्या वेळीं कोल्हापुरावर चालुक्यांचा मांडलिक शिलाहार गंडरादित्य राज्य करीत होता. म्हणजे मोदकाचें हें वर्णन आपल्या परिसराला परकें नव्हे. याच्याही कित्येक शतकें आधीं, बौद्ध तंत्रमार्गाबरोबर, आपला विनायक चीनमार्गे जपानांत पोंचला व तेथें 'कांगितेन' झाला. त्याचा नैवेद्य मोदकच. क्योतो शहरांत तो पोटलीच्या आकाराचा, तिळाच्या तेलांत तळलेला, अजून मिळतो. तेथें वरची पारी गव्हाच्या पिठाची व सारण लाल कडधान्याचें झालें, परंतु वरच्या कळ्या पाहतांच मराठी माणसास ओळख पटावी.

आतां आपल्या कोल्हापुराकडे येऊं. अनारशाला लागणारीं दोन्ही द्रव्यें आपल्या दारचीं आहेत. पश्चिमेकडील डोंगराळ तालुक्यांत भात पिकतो. आजऱ्याचा घनसाळ तर सुवासाबद्दल नांवाजलेला. गुळासाठीं शाहू महाराजांनीं १८९५ सालीं शाहूपुरीची पेठ वसविली, आणि पुढें राधानगरीचें धरण बांधावयास घेतलें. त्या पाण्यावर ऊंस वाढला. २०१४ सालीं कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालें. पेठ वसविणाऱ्याचें नांव इतिहासांत आहे, ग्रंथ रचणाऱ्या राजाचें आहे, पंचांग बदलणाऱ्या सरकारचें आहे. पण तांदूळ कोणत्या दिवशीं उपसावा, गूळ किती घालावा, हें जिनें प्रथम ठरविलें तिचें नांव कोठेंच नाहीं.

मराठींत छापलेल्या पाकशास्त्राच्या आरंभींच्या पुस्तकांत 'सूपशास्त्र' हें १८७५ चें. तें रामचंद्र सखाराम गुप्ते यांनीं लिहिलेलें. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणी-मित्र' निघावयास १९१० साल उजाडलें. जी विद्या सर्वस्वीं बायकांच्या हातांत होती, ती त्यांच्याच लेखणीनें छापली जाण्यास इतका काळ लागला. आणि छापल्यावरही सगळी छापली गेली नाहीं. पीठ मुरलें कीं नाहीं हें बोटाला कळतें, पुस्तकाला नाहीं.

आज अनारशाचें तयार पीठ बाजारांत मिळतें. जपानांतही यंत्रावर कुटलेली मोची दुकानांतून आणतात. त्याबद्दल दुःख करण्याचें कारण नाहीं. उखळाशीं कंबर मोडून घेण्यांत पुण्य होतें असें जिला तें काम करावें लागलें ती कधीं म्हणाली नसती. श्रम जावे, पण ज्ञान जाऊं नये, एवढेंच माझें म्हणणें आहे. राजांचे ताम्रपट जपावयाला सरकारी दप्तरें आहेत. या विद्येला घराखेरीज दप्तर नाहीं. तेव्हां पुढचा अधिक मास येईल तेव्हां घरांतील वडील बाईला तिचें प्रमाण विचारावें, तें कागदावर उतरून घ्यावें, आणि त्याखालीं तिचें नांव व साल लिहून ठेवावें. इतिहासाचें एवढें साधन तरी आपल्यापैकीं प्रत्येकाला निर्माण करतां येईल.