खोक्यावरील अक्षर

मुलांच्या मनोरंजनाचे एखादे नवे साधन बाजारात यावे, त्यावरून प्रथम पालकांत कुजबुज, मग वर्तमानपत्रांत ओरड व पुढे सरकारी चौकशी व्हावी, आणि अखेर कायद्याचा बडगा चुकविण्यासाठी धंदेवाल्यांनी स्वतःच स्वतःवर निर्बंध घालून घ्यावेत, हा क्रम अमेरिकेत इतक्या वेळा घडला आहे की त्यास तिकडील लोकाचारच म्हणावे. चित्रपटांच्या वाट्यास तो आला, १९५४ साली चित्रकथांच्या मासिकांच्या वाट्यास आला. व्हिडिओ गेमची पाळी आली ती १९९३ साली.

तक्रार तशी जुनी होती. १९७६ मधील ‘डेथ रेस’ या खेळात पळत्या आकृतींच्या अंगावर मोटार घालून त्यांना चिरडावयाचे असे. त्या आकृती माणसांच्या नसून भुतावळीच्या आहेत असा खुलासा निर्मात्यांनी केला, परंतु चिरडल्या जागी थडग्याचा क्रूस उगवत असल्यामुळे तो कोणास पटावा? तरीही ते यंत्र नाणे टाकून खेळण्याच्या दुकानात उभे असे, आणि तेथे मुलास न धाडणे आईबापांच्या हाती होते. यंत्र दिवाणखान्यात येऊन बसले तेव्हा ही सोय संपली.

१३ सप्टेंबर १९९३ रोजी ‘मॉर्टल काँबॅट’ हा खेळ घरगुती यंत्रांसाठी विक्रीस आला. त्यातील एक योद्धा पराभूताचे मुंडके पाठीच्या कण्यासकट उपटून काढतो. अशी यंत्रे बनविणाऱ्या निंटेंडो कंपनीने आपल्या आवृत्तीत रक्ताच्या जागी राखाडी घाम दाखविला आणि असे प्रसंग सौम्य केले. तिची प्रतिस्पर्धी कंपनी सेगा हिने रक्त कायम ठेवून ते कळांच्या एका गुप्त क्रमामागे दडविले, आणि खोक्यावर आपल्याच मंडळाची ‘तेरा वर्षांवरील मुलांसाठी’ अशी मोहोर उमटवली. गुपित कसले ते! मुलांना तो क्रम मुखोद्गत झाला, आणि खप सेगाचाच अधिक झाला.

सिनेटर जोसेफ लीबरमन यांच्या पदरच्या एका अधिकाऱ्याकडे त्याच्या लहान मुलाने हाच खेळ मागितला, आणि प्रकरण सिनेटपर्यंत पोहोचले. ९ डिसेंबर रोजी, नाताळच्या खरेदीच्या ऐन हंगामात, लीबरमन व हर्ब कोल यांनी सुनावणी भरविली. तेथे दोन्ही कंपन्यांचे प्रतिनिधी सरकारपेक्षा एकमेकांवरच अधिक तुटून पडले. आमचे बरेचसे गिऱ्हाईक प्रौढ असून आम्ही निदान वर्गवारी तरी करतो, असा सेगाचा युक्तिवाद. तर सेगाच्या यंत्रावरील ‘नाइट ट्रॅप’सारखा खेळ आपल्या यंत्रावर कधीच दिसणार नाही, अशी निंटेंडोच्या हॉवर्ड लिंकन यांची ग्वाही. (२०१८ साली तो निंटेंडोच्याच यंत्रावर आला, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.)

फेब्रुवारी १९९४ मध्ये वर्गवारीसाठी सरकारी मंडळाची तजवीज करणारे विधेयक सादर होताच धंद्याची धावपळ उडाली, आणि त्याच वर्षी ‘एंटरटेनमेंट सॉफ्टवेअर रेटिंग बोर्ड’ स्थापन झाले. सर्वांसाठी, कुमारांसाठी, सतरा वर्षांवरील व्यक्तींसाठी अशा श्रेणी ठरून त्यांचे अक्षर खोक्याच्या दर्शनी बाजूस आले, आणि हिंसा, शिवीगाळ वा जुगार यांचा उल्लेख मागील बाजूस. परीक्षक सबंध खेळ खेळून पाहत असतील असा समज होणे साहजिक आहे; वस्तुतः निर्मात्याने भरलेली प्रश्नावली आणि त्यानेच पाठविलेली, अतिआक्षेपार्ह दृश्यांची चित्रफीत, यांवरच त्यांची भिस्त असे. २००५ साली ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’मध्ये दडलेला अश्लील भाग उघड झाला, तेव्हा मंडळास आपली श्रेणी बदलावी लागली.

परंतु माझ्या मते या व्यवस्थेचा खरा परिणाम पहिल्याच वर्षी दिसून आला होता. १९९४ च्या सप्टेंबरात ‘मॉर्टल काँबॅट’चा दुसरा भाग निंटेंडोच्या यंत्रावर आला तो रक्तासकट. वर्गवारीची जबाबदारी मंडळाने पत्करली, तशी कंपनीची स्वतः कातर चालविण्याची निकड संपली. निर्बंध म्हणून जन्मास आलेले अक्षर परवानाही ठरले.

हे अक्षर पुरेसे न मानता, हिंसक खेळ अल्पवयीनांस विकण्यास कायद्यानेच बंदी घालण्याचा कॅलिफोर्नियाचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. २७ जून २०११ रोजी सात विरुद्ध दोन अशा बहुमताने न्यायमूर्ती स्कालिया यांनी निकाल दिला की पुस्तकांप्रमाणे खेळांनाही अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे. त्यामुळे तेथील दुकानदार सोळा वर्षांच्या मुलास असा खेळ नाकारतो तो आपल्या दुकानाच्या नियमाने, सरकारच्या हुकमाने नव्हे. आणि बापाने पुढे होऊन पैसे मोजले की तो नियमही तेथेच संपतो.