शिक्षकसंख्येचें मान : हबसाणांतील काशीदच्या निमित्तानें

अलिबागेहून मुरुडकडे समुद्राच्या कडेनें जाणाऱ्या रस्त्यावर काशीद गांव लागतें. हा मुलूख १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दींच्या संस्थानांत, म्हणजे हबसाणांत, मोडत असे. विलीनीकरणानंतर तो कुलाबा जिल्ह्यांत आला व १९८१ पासून त्या जिल्ह्यास रायगड हें नांव मिळालें. अशा लहान किनारी गांवांतील मुलांच्या माध्यमिक शाळेस किती शिक्षक असावेत, हा प्रश्न आजचाच समजला जातो. वस्तुतः त्याच्या मागें दोनशें वर्षांचा इतिहास आहे. तो पाहतां, 'एका शिक्षकामागें अमुक विद्यार्थी' हें मान शिक्षणाच्या गरजेपेक्षां खर्चाच्या सोयीनेंच बहुधा ठरत आलें, असें आम्हांस दिसतें.

इ. स. १८२० ते १८३० या दशकांत मुंबई सरकारनें इलाख्यांतील देशी शाळांची पाहणी करविली. रा. वि. परुळेकर यांनीं तिचे कागद संपादून अभ्यासकांस उपलब्ध करून दिले आहेत. त्या सुमारास इलाख्यांत १,७०५ शाळा व सुमारें ३५ हजार विद्यार्थी नोंदले गेले. म्हणजे सरासरीनें शाळेस वीस मुलें पडतात. बहुतेक शाळा एका पंतोजीच्याच होत्या. आजच्या कोणत्याहि नियमाशीं ताडून पाहतां हें प्रमाण उत्तम ठरेल! परंतु तोच पंतोजी मुळाक्षरें शिकवी, तोच उजळणी घेई, तोच मोडी वाचवून घेई, आणि तो आजारी पडला कीं शाळा बंद. त्याचा भार हलका होई तो थोरल्या मुलांनीं धाकट्यांस शिकविल्यामुळें. मद्रासेंत अँड्र्यू बेल याच्या शाळेंत अठराव्या शतकाच्या अखेरीस हीच रीत अवलंबिली गेली आणि ती 'मद्रास पद्धति' म्हणून विलायतेंत गाजली. पुढें एका शिक्षकावर शेंकडों मुलें सांभाळण्याचा स्वस्त उपाय म्हणून तिची वाखाणणी झाली. स्वस्ताईचा मोह तेव्हांपासूनचा आहे. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याच्या देखरेखीखालीं मुंबईंत तयार झालेले चोवीस शिक्षक १८२६ त जिल्ह्यांकडे रवाना झाले. साऱ्या इलाख्याचा विस्तार ध्यानीं घेतां हा आंकडा पुरेसा बोलका आहे.

वुडच्या १८५४ च्या खलित्यानें अनुदानाची पद्धति आली. पुढें मुंबई इलाख्यांत परीक्षेच्या निकालावर अनुदान मोजण्याचा प्रघात पडला. शाळेचें उत्पन्न उत्तीर्ण मुलांच्या संख्येवर अवलंबूं लागलें, तेव्हां मागें पडलेल्या मुलाकडे पाहण्यास शिक्षकास सवड कोठून मिळणार? या प्रघातावर येथें अधिक लिहीत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर विचारास निराळें वळण लागलें. मुदलियार आयोगानें (१९५२-५३) वर्गांत तीस मुलें असणें इष्ट मानलें व चाळीसांवर मर्यादा घातली. कोठारी आयोगानें (१९६४-६६) विद्यार्थ्यांस मार्गदर्शन करणारा निदान एक फिरता समुपदेशक दर दहा शाळांमागें असावा, असें सुचविलें. ही शिफारस आम्हांस विशेष मोलाची वाटते. कारण शिकविणें व मुलाच्या अडचणी जाणून घेणें हीं दोन वेगळीं कामें आहेत, हें तींत मान्य झालें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहावी ते आठवीस पस्तीस मुलांमागें एक शिक्षक ठरविला. पण त्यासोबतच विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रें व भाषा यांसाठीं निदान एकेक शिक्षक पाहिजे, अशी अट घातली. सरासरीनें भागत नाहीं, याची ही कबुलीच होय.

सरासरीनें कां भागत नाहीं, हें एका कल्पित हिशेबानें पाहूं. आठवी, नववी व दहावी असे तीनच वर्ग असलेल्या शाळेंत दर वर्गांत वीस, म्हणजे साठ मुलें आहेत. तिसास एक या मानानें दोन शिक्षक पुरे. परंतु तीन वर्ग एकाच वेळीं भरणार, मग एक वर्ग प्रत्येक तासास शिक्षकावांचून राहणार! शिवाय तीन भाषा, गणित, विज्ञान, इतिहास-भूगोल हें सारें त्या दोघांनींच शिकवावयाचें. शहरांतील सहाशें मुलांच्या शाळेस याच मानानें वीस शिक्षक मिळतात व प्रत्येक विषयास जाणता मनुष्य लाभतो. प्रमाण एक, फळ दोन. लहान शाळा महाग पडतात, हा आक्षेप खोटा नव्हे. परंतु किनाऱ्यावरील मुलानें रोज दूरच्या शाळेस जावें, तर तो खर्च सरकारऐवजीं त्याच्या घरच्यांवर पडतो, एवढाच फरक.

महाराष्ट्रांत पदें ठरतात तीं 'संचमान्यते'नें. पट घटला कीं पद कमी होतें आणि शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. शब्दच असा कीं जणूं मनुष्य उरला आहे! या निकषांचे महत्त्वाचे शासननिर्णय २८ ऑगस्ट २०१५ व १५ मार्च २०२४ या तारखांचे आहेत. त्यांच्या दरम्यान, ११ डिसेंबर २०२० रोजीं, अनुदानित खाजगी शाळांतील शिपायांच्या रिक्त होणाऱ्या पदांऐवजीं ठोक भत्ता देण्याचें ठरलें. ग्रामीण भागांत तो पदामागें दरमहा ५,००० रुपये. घंटा देणें, कुलूप उघडणें, पाणी भरणें हीं कामें भत्त्यानें नाहींशीं होत नाहींत. मनुष्य न मिळाल्यास तीं शिक्षकाकडेच येतात, आणि शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाच्या तक्त्यांत त्यांस रकाना नाहीं.

जुलै २०२१ च्या अतिवृष्टींत काशीदचा जुना पूल कोसळला आणि अलिबाग-मुरुड रस्ता तेथें तुटला. शाळा त्या दिवसांत महामारीमुळें भरत नव्हत्या, म्हणून वर्गांस त्याची झळ लागली नाहीं. एरव्हीं दोन शिक्षकांच्या शाळेंतला एक जण पुलापलीकडे अडकला, तर कागदावरचें तिसास एक हें प्रमाण तसेंच राहतें, आणि साठ मुलांपुढें एकटा मनुष्य उभा असतो.