फ्लशनंतर उरतं काय? लंडनच्या गाळाची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजचा एपिसोड. आधीच सांगून ठेवतो, जेवता जेवता वाचत असाल तर फोन जरा बाजूला ठेवा.

मला बरेच दिवस एक प्रश्न पडला होता. सांडपाणी शुद्ध करतात, हे आपण शाळेत शिकलो. पण त्यातून काढलेली घाण जाते कुठे? उत्तर शोधता शोधता मी पोचलो लंडनला.

१८५८ चा उन्हाळा. थेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली, की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवून लावावे लागले. खुद्द खासदारांच्या नाकाला झोंबल्यावर पैसे मंजूर व्हायला कितीसा वेळ लागणार? जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरने शहराचं मैलापाणी मधेच अडवून पूर्वेला नेणारी प्रचंड भुयारी गटारं बांधली. उत्तर काठावरची बेक्टनला संपायची, दक्षिण काठावरची क्रॉसनेसला. तिथे मैलापाणी साठवायचं आणि ओहोटी लागली की नदीत सोडायचं. काम इतकं पक्कं, की त्यातली गटारं आजही वापरात आहेत. पण नीट बघा, प्रक्रिया शून्य! घाण शहरातून निघाली आणि खालच्या अंगाला जाऊन बसली.

याची किंमत कळली ३ सप्टेंबर १८७८ च्या संध्याकाळी. सहलीहून परतणारी 'प्रिन्सेस अ‍ॅलिस' ही बोट बेक्टनजवळ कोळशाच्या एका जहाजाच्या धडकेने काही मिनिटांत बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. त्याआधी तासाभरापूर्वीच मैलापाणी नदीत सोडलेलं होतं. माणसं पडली ती त्यात. किती जण बुडून गेले आणि किती त्या पाण्याने, यावर तेव्हा बराच वाद झाला.

पुढे १८८२ मध्ये सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाचं म्हणणं सरळ होतं: मैलापाण्यातला घट्ट भाग वेगळा काढा, मगच पाणी नदीत सोडा. मग चुना आणि लोहाचे क्षार घालून घाण तळाशी बसवायला सुरुवात झाली. पाणी जरा निवळलं, पण तळाशी राहिला गाळ. रोजच्या रोज, डोंगरासारखा.

आता त्याचं काय करायचं? जहाजात भरा आणि समुद्रात टाका! १८८७ मध्ये पहिलं जहाज निघालं. त्याचं नाव काय असेल? 'बॅझलजेट'! थेम्सच्या मुखाबाहेर बॅरो डीप नावाची खोल जागा आहे, तिथे हा गाळ ओतायचे. लोकांनी या जहाजांना 'बोव्हरिल बोटी' असं नाव पाडलं. बोव्हरिल म्हणजे बीफचा दाट, काळपट अर्क. पुढचं तुम्हीच समजून घ्या. दोन महायुद्धं झाली, साम्राज्य गेलं, तरी समुद्रात गाळ टाकणं काही थांबलं नाही.

शेवटी १९९१ मध्ये युरोपचा नियम आला: १९९८ संपेपर्यंत समुद्रात गाळ टाकणं बंद. हातात सात वर्षं. पर्याय मोजकेच. शेतात खत म्हणून टाकावा, तर त्याच गटारांत कारखान्यांचं पाणीही येतं आणि त्यातले जड धातू गाळात उतरतात. पुरावा, तर एवढ्या मोठ्या शहराजवळ जागा कुठली? मग बेक्टन आणि क्रॉसनेसला गाळ जाळायच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. म्हणजे ज्या दोन गावांच्या माथी आधी मैलापाणी आलं, तिथेच आता धुराडीही आली.

बरं, जाळल्यावर तरी संपलं का? नाही. सेंद्रिय भाग जळतो, पण खनिजं आणि बरेचसे धातू राखेत राहतात. ती राख पुन्हा कुठेतरी पुरायची किंवा बांधकामात वापरायची. गंमत म्हणजे याच राखेत फॉस्फरस असतो, खतासाठी लागणारा. जर्मनीने २०१७ मध्येच नियम केला, की २०२९ पासून मोठ्या केंद्रांनी तो परत मिळवायचाच.

मला यातून एकच गोष्ट दिसते. नदी, मग समुद्र, मग भट्टी, मग राख. दर वेळी घाणीचा फक्त पत्ता बदलला, आणि नवा पत्ता शोधायची वेळ आली ती जुन्या पत्त्यावर काहीतरी बिघडल्यावर, किंवा वरून सक्ती झाल्यावर.

हे आज का सांगतोय? मुंबईत वरळी, वांद्रे, धारावी, घाटकोपर, भांडुप, मालाड आणि वर्सोवा इथे सांडपाण्याची नवी केंद्रं उभी राहतायत. चांगलंच आहे, समुद्रात जाणारं पाणी स्वच्छ होईल. पण पाणी जितकं स्वच्छ, तितका मागे उरणारा गाळ जास्त. म्हणून तुमच्या शहरात अशा केंद्राचं उद्घाटन झालं, की फीत कापणाऱ्यांना एवढंच विचारा: गाळ कुठे जाणार, आणि तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारलंय का?

उत्तर मिळालं तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!